सासूबाई आणि समुद्रफूल

कुलूपवाल्याचं दुकान जिन्याखाली, जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. दिवसभर लोकांची अडकलेली दारं उघडून तो घरी आला, की चपला काढायच्या आधीच दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीपुढे जाऊन उभा राहायचा. टाकीत खारं पाणी, दगड आणि दोन नारिंगी मासे. समुद्रफूल पाळायचं तर आधी पाणी चांगलं मुरू द्यावं लागतं, म्हणून गडी तब्बल अकरा महिने थांबला होता. "आमच्याकडे दगड पाळलेत," असं त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची.

अखेर समुद्रफूल आलं. नाव फुलाचं, पण प्राणी: खाली चिकटून बसायला एक मांसल पाय, वर हिरवट भुजांचा झुपका आणि मधोमध तोंड. त्याने ते कौतुकाने पुढच्या दगडावर ठेवलं. सकाळी पाहतो तर स्वारी गायब! सरकत सरकत थेट मागच्या कोपऱ्यात, पाणी खेचणाऱ्या पंपाला खेटून. ओढून काढावं तर पाय फाटायची भीती. गावातली कुलपं चुटकीसरशी उघडणारा माणूस त्या मऊ गोळ्यापुढे हतबल झाला. त्याने पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला आणि वाट पाहत बसला. तिसऱ्या दिवशी फूल बाजूच्या काचेवर आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या, पाय प्लास्टरमध्ये घालून. त्यांची खुर्ची नेमकी त्या काचेशेजारी मांडली गेली.

"जावईबापू, हे दिवसभर करतं काय?"

"काही नाही. उजेडात बसतं."

"आणि खातं?"

"आठवड्यातून एकदा. कोळंबीचा नखाएवढा तुकडा."

"एकदाच?" आपल्या लेकीलाही हा असाच जेवायला घालतो की काय, अशा नजरेने सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

दहा-बारा दिवस बरे गेले. मग फूल आक्रसलं. पिळलेल्या फडक्यासारखं लोंबू लागलं, तोंडातून तपकिरी तार सोडू लागलं. कुलूपवाल्याचं कामावरचं लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्याच्याच घराची किल्ली करून दिली. घरी येऊन पाण्याचा खारटपणा मोजला, ठीक. ऊब मोजली, ठीक. घाण मोजायला नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पाणी लालभडक! म्हणजे टाकीत खाणं कुजत होतं. त्याने फ्रीज उघडला. कोळंबीची पिशवी रिकामी.

"आई, तुम्ही याला काही खायला घातलंत?"

"विष नाही घातलं. कोळंबीच दिली."

"किती वेळा?"

"ते बिचारं सकाळ-संध्याकाळ हात पसरून बसायचं. मग देऊ नको तर काय करू?"

"अहो, ते हात पसरणं नाही, ते त्याचं बसणं आहे!"

बायको आत पळाली आणि पदराआड हसत सुटली. सासूबाईंचा चेहरा मात्र एवढासा झाला. ते पाहून कुलूपवाल्याचा राग जागच्या जागी विरघळला. "होईल बरं," तो म्हणाला, स्वतःला काही खात्री नसताना.

मग रोज एक बादली जुनं पाणी काढायचं आणि मीठ कालवून, कोमट करून ठेवलेलं ताजं पाणी घालायचं. खाणं बंद. सासूबाईंनी खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली, पण दर तासाला लेकीला विचारायच्या, "बघ गं, फुललं का?"

दहाव्या दिवशी दुपारी कुलूपवाला एका दाराशी झटत असताना फोन वाजला.

"जावईबापू, उघडलं हो! चांगलं बशीएवढं! आणि शपथ सांगते, मी काही म्हणजे काही दिलेलं नाही!"

तो इतक्या मोठ्याने हसला, की बाहेर ताटकळलेला घरमालक दचकलाच.

महिन्याभराने प्लास्टर निघालं आणि सासूबाई आपल्या घरी गेल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण दोघांचं फोनवरचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "हिला देतो फोन" यापुढे कधी गेलं नव्हतं. आता दर रविवारी त्या जावयालाच फोन करतात. तुकडा केवढा कापला, माशाने पळवला तर नाही ना, भुजा मिटल्या का, सगळं तपशीलवार विचारतात. बायको शेजारी हात पुढे करून उभी असते.

"अहो, माझी आई आहे ती. कधीतरी मलाही बोलू द्या!"