चौकोनी पडद्यावरचं घर

बाबा गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांचा कॉम्प्युटरही गेला. आमच्याकडची खारी हवा पत्रे खाते, खिडक्यांचे गज खाते, तिथे त्या बिचाऱ्या डब्याचं काय घेऊन बसलात! बोर्लीच्या दुकानदाराने तो उघडला, आतला हिरवा गंज माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "ताई, नवीन घ्या आता." मला काहीच हरकत नव्हती. पण आईला नवीन नको होता. तिला 'ह्यांनी लावलेलं घर' परत हवं होतं, जसंच्या तसं.

ते घर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

बाबा मुंबईला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावी परतले. शेती होतीच, पण भात कापून झालं, वाल पेरून झाले की माणसाने दुपारी करायचं काय? म्हणून कॉम्प्युटर आला. दुकानदाराने त्यात लिनक्स नावाचं, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं, कारण ते फुकट, शिवाय त्याला व्हायरस लागत नाही. बाबांना दोन्ही कारणं मनापासून पटली. त्यांची बोटं जाड, एका दाबात दोन बटणं जायची, आणि शिव्या खायची ती बटणं. पण शिकले हो! स्वतः शिकले आणि मग आईच्या मागे लागले.

आईची शाळा चौथीपर्यंतची. पडद्यावरच्या चित्रांखालची ती बारीक इंग्रजी अक्षरं बघूनच तिचं डोकं उठायचं. "मला न्हाय जमायचं," म्हणून ती उठून चुलीपाशी जायची. तेव्हा बाबांनी डोकं लढवलं. एका सकाळी खळ्यात उभे राहून त्यांनी घराचा फोटो काढला. ओट्यावर आई मोड आलेले वाल सोलत बसलेली, एका बाजूला विहीर, तुळस, पेंढ्याची उडवी, दारात स्कूटर, मागे उकिरडा. तो फोटो त्यांनी पडद्यावर पसरला आणि एकेक चित्र उचलून त्यावर नेऊन ठेवलं. भजनं विहिरीवर. पत्त्यांचा खेळ उडवीवर. आरत्या तुळशीपाशी. नातवंडांचे फोटो स्कूटरवर, कारण माझी पोरं सुट्टीत आली की बाबा त्यांना एसटीवरून स्कूटरनेच आणायचे. आणि कचऱ्याची टोपली कुठे? उकिरड्यावर!

"आता वाचायचं कशाला? आपल्याच घरात तुला वाट सापडत न्हाय व्हय?" असं म्हणून बाबांनी तिच्या हातात माऊस दिला.

वाट सापडली, आणि मग बाईसाहेब काही ऐकेनात. दुपारची भांडी आवरली की "अहो, घर लावा" म्हणून हुकूम सुटायचा. कॉम्प्युटर हा शब्द तिने कधी वापरलाच नाही. मी नवी मुंबईहून फोन करावा तर, "थांब बाय, डाव अडलाय," आणि पलीकडून बाबांचा आवाज, "लाल नव्वी काळ्या दश्शीवर, दिसत न्हाय का?" मग दोघांची जुंपायची. मी इकडे फोन कानाला लावून ताटकळत उभी. तेव्हा चिडायचे मी. आता ते भांडण आठवलं तरी डोळे भरून येतात.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी कंबर कसली. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे गावाच्या लेखी मला टीव्ही, मिक्सर, मोटार, सगळं दुरुस्त करता येतं. डोंबल येतं! पण एवढं ठाऊक होतं की मशीन मेलं तरी आतली, सगळं साठवून ठेवणारी डिस्क जिवंत असू शकते. ती होती. तिची मी अख्खी नक्कल करून घेतली, आणि देवाची कृपा, त्या नकलेचीही आणखी एक नक्कल बाजूला ठेवली. मग लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर. आतल्या बाबांच्या लिनक्सला वाटावं की आपण आपल्याच जुन्या डब्यात आहोत.

सुरू झालं! मी आनंदाने आईला हाक मारली आणि तिथेच फसले.

लॅपटॉपच्या मधोमध एक एवढीशी खिडकी उघडली, बाकी सगळा काळोख. फोटो आक्रसलेला, आणि चित्रांची नुसती झुंबड. भजनं उडवीवर चढलेली, स्कूटर रिकामी, दोन चित्रं थेट आईच्या तोंडावर. टोपली तुळशीत.

"अगो बाय! तुळशीत कचरा?" आई दोन पावलं मागेच सरली. "हे न्हाय आपलं घर." आणि आत निघून गेली.

मी ती खिडकी झटकन बंद केली. कारण ह्या जुन्या लिनक्सची खोड मला कळली होती. पडदा लहान मिळाला की काठाबाहेर जाणारी चित्रं ते आत हाकलतं, आणि वर ह्याच त्यांच्या खऱ्या जागा म्हणून लिहूनही टाकतं. म्हणजे बाबांनी हाताने लावलेलं घर माझ्या एका चुकीच्या सुरुवातीने मोडलं होतं. ती गंजलेली डिस्क पुन्हा चालेल याचा भरवसा नव्हता, बाजूची नक्कल नसती तर संपलाच होता कारभार. मी तिच्यावरून पुन्हा नवी नक्कल काढली. आता पडद्याचं माप बरोबर बसल्याशिवाय फोटो उघडायचाच नाही.

ठरवणं सोपं असतं. पडदा जुळवून देणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते घालायला गेले तर बाबांच्या म्हाताऱ्या लिनक्सने नाकच मुरडलं. मदत शोधावी तर आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर. तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, तर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते, "काय गो, सुट्टीतपण काम?" त्यात लाइट गेली. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही.

शेवटी दुसऱ्या एका युक्तीने पडदा मोठा केला, लॅपटॉपभर पसरवला. ह्या खेपेला आईला बोलावलं नव्हतं, तीच मागून येऊन उभी राहिली.

"ही मी?" ती म्हणाली. "एवढी जाडी? म्हशीवानी दिसतेय!"

खरंच, फोटो दोन्ही बाजूंनी ताणला होता. विहिरीचा झाला होता तलाव. मी आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अरे, बाबांचा मॉनिटर असा लांबुळका होताच कुठे! तो जुना, जवळजवळ चौकोनी. आईने तो अजून कोपऱ्यात, बाबांचा टॉवेल पांघरून ठेवला होता. टॉवेल बाजूला केला, मागे चिकटवलेल्या पट्टीवर माप छापलेलं होतं. बाराशे ऐंशी बाय एक हजार चोवीस ठिपके. मशीनच्या यादीत हे माप नव्हतंच. मी खोट्या मशीनची पडद्याची मेमरी वाढवली, पुन्हा नवी नक्कल घेतली, फोटो उघडायच्या आधीच काळ्या पडद्यावर थांबले आणि ते माप हाताने सेटिंगच्या फाइलीत लिहिलं. एक आकडा चुकला, पडदा काळाच राहिला. परत लिहिलं. आई ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

आणि उघडलं. खालून वर नाही की वरून खाली नाही, एकदम अख्खं घर समोर. भजनं विहिरीवर. पत्ते उडवीवर. टोपली उकिरड्यावर. सगळं जिथल्या तिथे.

"आई," एवढंच म्हटलं मी.

ती पदराला हात पुसत आली. बघत राहिली. मग माझ्या हातातला माऊस काढून घेतला आणि विहिरीवर दाबलं. गावच्या मंडळाचं भजन सुरू झालं. आई रडली नाही, मीच रडले.

नाक पुसताना माझ्या लक्षात आलं की सगळा फोटो चित्रांनी भरलाय, पण आईच्या अंगावर एकही नाही. ती बसलीय तो अख्खा ओटा मोकळा. एवढी वर्षं मला हे दिसलंच नव्हतं. मी तिला तसं म्हटलं.

"मीच सांगितलेलं ह्यांना," ती हसत म्हणाली. "म्हटलं, माझ्या तोंडावर कायबी ठेवायचं न्हाय." मग तिचं हसू थांबलं. तिने फोटो पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. "पर ह्यात हे कुठं हायत गो?"

बाबा नव्हतेच. कॅमेरा त्यांच्या हातात होता ना.

माझ्या मोबाईलमध्ये बाबांचे फोटो होते. ते मी आत पाठवले, त्यांचं एक फोल्डर केलं आणि त्याच्या चित्राला बाबांचा चेहरा लावला. ते जाऊन पडलं वर कोपऱ्यात, कौलांच्याही वर. मी ते दरवाजापाशी आणायला गेले, तर आईने माझ्या हातावर चापट मारली. "तू ऱ्हाऊ दे. मी आणते."

तिने बाबांना धरलं. कौलांवरून खाली आणताना बोट सुटलं, ते तुळशीवर पडले. "थांबा, थांबा," असं त्यांनाच म्हणत तिने पुन्हा धरलं, आणि ओढत ओढत ओट्यावर आणलं, वालाच्या परातीशेजारी, अगदी आपल्या खांद्याला लागून. तिथे सोडलं. मान वाकडी करून नीट बसलेत का ते पाहिलं.

मग माझ्याकडे वळून बजावलं, "पडदा ल्हान होऊ दे नायतर मोठा, आता ह्यांना इथनं हलवायचं न्हाय."