पिवळी बोटे

१२ ऑगस्ट, सोमवार, सकाळी सव्वानऊ. शहरातील एका खासगी रुग्णालयाचा पुरुष वॉर्ड. खाटेवर मी, पाय पट्टीत. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या बायकोचे मनगट धरले, वर उचलले आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवले.

"हे बघा. इन्फेक्शन इथून आलंय."

तिची बोटे पिवळी होती. शहागंजातील मसाल्याच्या दुकानात ती हळदीच्या पुड्या भरते. तो रंग साबणाने जात नाही.

"आजी, जखमेला काय लावलं? हळद? शेण?"

"काय बी नाय लावलं, साहेब. पट्टीला हातच लावला नाय."

"तुम्ही लोक कधी कबूल करता का? मेंढरांना लावता ते माणसांना लावू नये."

मागे कोणीतरी हसले. आम्ही धनगर. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आडनाव पुरले. उद्यापासून आजीला आत सोडू नका, असे नर्सला बजावून ते पुढच्या खाटेकडे गेले.

माझा घोटा मोडला होता. आत धातूची प्लेट बसवली. टाके लाल झाले, पाय तापला, मग पू आला. पू हाडात उतरला तर पाय कापावा लागेल, हे मला आधीच सांगण्यात आले होते.

ते गेल्यावर मी बायकोला विचारले, "खरं सांग. काही लावलंस?"

तिने माझ्याकडे पाहिले. "तुमी बी?"

तिने पदराने हात पुसले.

"आपल्यात कास सुजलेली शेळी शेवटाला पिळतात, न् मग हात धुतात. ह्या डाक्टरांनी आधी कुणाची पट्टी सोडली, बघितलं नाय का?"

शेजारच्या खाटेवर एक रिक्षावाला पालथा पडून होता. पाठीवर मोठे गळू. त्याने मान वळवली.

"चाची सच बोलरी, चचा. पैले मेरा फोड़ा दबाए, फिर सीधा तुमारा पाँव. हाथ के मोजे वोइच. फोड़ा मेरी पीठ पे है, आँख पे नै."

रोज असेच घडत होते. रोज माझ्यासमोर. डॉक्टरांचा हात असल्यामुळे मी त्या हातावर संशय घेतला नाही. बायकोवर मात्र लगेच घेतला.

दुपारी पुवाच्या तपासणीचा अहवाल आला. एक तरुण डॉक्टरीण सांगायला आली.

"स्टॅफ आहे, बाबा. स्टॅफिलोकोकस. औषध बदलतोय."

"आला कुठून?"

"सांगता येत नाही. हा जंतू माणसाच्या नाकात असतो, कातडीवर असतो. कोणाच्याही."

"मोठ्या डॉक्टरांच्याही?"

तिने अहवालाची घडी घातली. "कोणाच्याही."

"मग मनगट तिचंच का धरलं?"

"सर घाईत होते."

मला हे पटले नाही. घाईतला माणूसही कोणाचे मनगट धरायचे, ते पाहूनच धरतो.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. रिक्षावाल्याची पट्टी सोडली, आणि तेच हातमोजे माझ्या पायाकडे आले. मी पाय मागे ओढला. दुखले.

"आधी हात धुवा. मोजे बदला."

"काय म्हणालात?"

"आणि माझी बायको उद्या येईल. तिला जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या."

"पटत नसेल तर दुसरीकडे जा."

"जाणार नाही. पट्टी इथंच होईल. धुतलेल्या हातांनी."

त्यांनी मोजे डब्यात फेकले आणि माझी पट्टी न करताच ते निघून गेले. शिकाऊ डॉक्टर खाली पाहत होते. सकाळी हसलेला त्यांत कोण होता, कळले नाही. तरुण डॉक्टरीण मागे राहिली. हात धुऊन आली आणि पट्टी करताना हळूच म्हणाली, "बेसिनवर साबण नाही, बाबा. नुसत्या पाण्यानं धुतले. मोजे नवे आहेत."

जंतू कोठून आला, मला कळले नाही. कळणारही नाही. कदाचित माझ्याच कातडीवरून. पाय राहील की जाईल, तेही ठाऊक नाही. परंतु माझ्या बायकोचे मनगट पुन्हा कोणी पुरावा म्हणून उचलणार नाही. न धुतलेला हात, तो कोणाचाही असो, माझ्या जखमेपर्यंत येणार नाही. डॉक्टरांनी ते शब्द मागे घ्यावेत, हे उद्या सांगेन, परवा सांगेन, घरी जाण्याच्या दिवशीही सांगेन.

बायकोला खालच्या दुकानातून साबणाची वडी आणि सुतळी आणायला लावली. वॉकर घेऊन बेसिनपर्यंत गेलो. वडीला भोक पाडले, सुतळी ओवली आणि नळाला पक्की गाठ मारली.