लाल साबणाचा वास
लाल साबणाचा वास आला की मला लॉकडाऊनमधला तो उन्हाळा आठवतो. धाकटी जाऊ दिराबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि तिचा चार वर्षांचा पोरगा दरवर्षीसारखा माझ्या दोन लेकरांत राहिला होता. कारखान्यावरून परतल्यावर गावानं त्या दोघांना चौदा दिवस रानातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ठेवलं. आमच्या ओट्यावरून ती कोपी दिसायची. आईची साडी वाळत घातलेली दिसली की पोरगा तिकडं पळायचा, मागोमाग माझीही दोघं. तिघांना आवरून आवरून मी पार कावले होते. एका दुपारी त्याचं मनगट धरून म्हणाले, "तुझ्या आईच्या अंगात किडा हाय. जवळ गेलास तर चावंल." त्यानंतर तो पळाला नाही, आणि मला बरंच वाटलं. पंधराव्या दिवशी जाऊ न्हाऊन अंगणात आली, खाली बसली आणि तिनं हात पसरले. पोरगा माझ्या पदराआडून किंचाळला, "नको, किडा हाय तिच्यात!" "कुणी सांगितलं रं तुला?" तिनं विचारलं. तो बोलायच्या आत मीच म्हणाले, "गावातली पोरं, दुसरं कोण?" ती उठली. टँकरचं पाणी तांब्या-तांब्यानं जपायचे दिवस, तरी रांजणापाशी बसून ती लाल साबणानं कोपरापर्यंत हात घासत राहिली. पोरगा आता मोठा झालाय, सारं विसरलाय. जाऊ मात्र अजूनही कारखान्यावरून आली की आधी हात धुते, मगच त्याला जवळ घेते. तिच्या हातावर पाणी मी घालते. खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.