बाईच्या तोंडी बाईचं नाणं

रोमजवळच्या ओस्टिया बंदरात बाई मेली की पहिला निरोप विबिडियाकडे जायचा. अंग धुवायचं, तेल लावायचं, केस विंचरायचे आणि शेवटी जिभेवर नावाड्याचं भाडं ठेवायचं. मेलेला माणूस भाड्याशिवाय पाताळातली नदी पार होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण विबिडियाचा हट्ट असा, की बाईच्या तोंडातल्या नाण्यावर बाईच हवी. सम्राटाची बायको चालेल, आई चालेल, बहीण चालेल, सम्राट नको.

"नावाड्याला पैशाशी मतलब, चेहऱ्याशी नाही," तिचा नवरा ट्रेबियस म्हणायचा. तो गोदीत हमाल होता.

"जन्मभर पुरुषांचंच ऐकलं. आता मेल्यावर तोंडातही तुम्हीच? वा रे वा!"

बायका हसायच्या आणि घरी जाऊन तसलं एखादं काशाचं नाणं गुपचूप बाजूला टाकायच्या. विबिडियानंही स्वतःसाठी एक ठेवलं होतं, मोठ्या अंबाड्याच्या राणीचं. ते तिनं एका बेवारस दासीच्या तोंडात घातलं, आणि थोड्याच दिवसांत तापानं स्वतःच गेली.

ट्रेबियसनं थैली उलटी केली. सगळ्या नाण्यांवर दाढीवाले सम्राट. नव्या सम्राटाचं लग्नच व्हायचं होतं, त्यामुळे नवी नाणीही तसलीच. तो सराफाकडे धावला.

"राणी पाहिजे? या वयात?" सराफ म्हणाला, आणि दुकानभर हशा पिकला. ट्रेबियसला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो हलला नाही. सराफानं सगळी चिल्लर चाळून दाखवली. नव्हतंच. तिकडे चिता रचून लोक खोळंबले होते.

त्याच्या शोधाची बातमी त्याच्याआधी गुत्त्यावर पोचली होती. गुत्तेवाली नेविया दारातच उभी होती, कनवटीची गाठ सोडत.

"घ्या, भाऊजी."

"हे तुझं ना? तिनं ठेवायला लावलेलं?"

"हो. पण माझ्या वेळी धुवायला ती कुठे असणार? कोंबतील कुठलातरी दाढीवाला. घ्या, उशीर होतोय."

ट्रेबियसनं राणी बायकोच्या जिभेवर ठेवली. चिता विझल्यावर तो घरी न जाता पुन्हा सराफाकडे गेला.

"राणी आली की बाजूला ठेव. नेवियासाठी."

सराफ पुन्हा फिसकन हसला.

"हस बाबा," ट्रेबियस म्हणाला. "पण ठेव."