शिट्टीबाईंनी पास केलेला बोर्ड

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणतात. त्या शिट्टी वाजवत नाहीत आणि आवाजही तसा मोठा नाही. पण त्या आधी प्रेशर कुकरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. तो कारखाना बंद पडला तेव्हा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात लागल्या, आणि तिथल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं. बाईंनी ते असं काही खुशीत घेतलं की पुढे चिडवण्यात कुणाला मजाच उरली नाही. नाव मात्र राहिलं.

"कुकर हातात घेऊन 'छान आहे' म्हणणं म्हणजे तपासणं नव्हे," त्या सांगतात. "चकाकी काय, सगळ्यांनाच असते. आधी त्याला नेहमीचं काम द्यायचं, मग जास्तीचं द्यायचं, मग छळायचं. छळून जो टिकला तो घरी न्यायचा."

"मलाही असंच आणलं घरी," त्यांचे यजमान म्हणतात. ते प्लंबर आहेत.

"तुमची तपासणी अजून चालू आहे," बाई म्हणतात.

दुकानात त्यांचं काम तेच. आलेला माल विकायला ठेवायचा की नाही, हे त्या ठरवणार. आणि बहुतेक वेळा ठरतं ते 'नाही'. दुकानाचा मालक भला माणूस, पण उतावळा. कुठे काही स्वस्त दिसलं की त्याचा पाय जमिनीवर ठरत नाही. एके दिवशी तो खोका छातीशी धरून धावतच आला.

"ताई, सोनं सापडलं!"

"मागच्या वेळीही सोनंच होतं. त्यातून धूर निघाला होता."

"अहो, ते सोडा. हे बघा तरी."

खोक्यात एक मदरबोर्ड होता, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी. खोक्यावर ना कंपनीचं नाव, ना आत माहितीचा कागद. पण मालक म्हणत होता त्यात तथ्य होतं. मोठमोठी कार्यालयं आपले सर्व्हर ठरावीक काळाने बदलतात. काढलेल्या यंत्रांतले प्रोसेसर, म्हणजे त्यांचे मेंदू, चांगले धडधाकट असतात, एकेकात दहा-बारा जणांचं बळ असतं, आणि भंगाराच्या भावात मिळतात. अडतं ते एवढंच, की त्यांचे मूळ बोर्ड अवाढव्य, घरच्या कॉम्प्युटरच्या डब्यात न मावणारे. म्हणून कुठल्याशा लहान कारखान्यांनी त्या जुन्या प्रोसेसरांसाठी नवे, साध्या मापाचे, स्वस्त बोर्ड बनवायला घेतले होते. मालकाला असे पुष्कळ बोर्ड एकदम मागवायचे होते. पण बाईंचा होकार आल्याशिवाय मागवायची त्याची छाती नव्हती.

बाईंनी भिंग लावून बोर्ड उलटसुलट पाहिला. "ही मधली मोठी चिप जुनी आहे. कुठल्यातरी बोर्डावरून काढून इथे नव्याने बसवलीय."

मालकाचा चेहरा पडला. "म्हणजे टाकाऊ?"

"जुनी म्हणजे टाकाऊ असं मी म्हटलं का? माझ्या घरी एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, जरा जपून बोला."

हे निवृत्त ड्रायव्हर म्हणजे बाईंचे सासरे, आम्हा सगळ्यांचे आजोबा. जन्मभर त्यांनी डोंगरातल्या रस्त्यावर बस चालवली. निवृत्तीनंतर बाकीचे लोक बागेत फेऱ्या मारतात, हे मात्र सुनेच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून त्रिमितीय चित्रं करायला शिकले. कुणी शिकवलं नाही. इंटरनेटवर बघायचं, चुकायचं, पुन्हा बघायचं. जाडजूड बोटांत माऊस असा धरत की गियरच बदलतायत. त्यांनी ठरवलं होतं, आपला घाट पुरा उभा करायचा. खालच्या थांब्यापासून वरच्या थांब्यापर्यंत, प्रत्येक वळण, प्रत्येक कठडा, आणि त्यावरून जाणारी आपली बस. कठडे आठवणीतून काढले, पण असे, की कुठला कुणी ठोकरला होता तेही दिसावं.

बस तयार झाली तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "रिकामी?"

"म्हणजे?"

"रिकामी बस कोण बघणार? तुमच्या बसमध्ये मला कधी बसायला जागा तरी मिळाली होती का? माणसं भरा आधी."

झालं. आजोबा माणसं भरायला लागले. अख्ख्या इमारतीची वर्णी लागली. मला मागून दुसऱ्या रांगेत बसवलं आणि पोट जरा सढळ हाताने काढलं. मी तक्रार केली तर म्हणाले, "आरशातून दिसायचं ते काढलंय." सासूबाई रोज शेजारी बसून बारकावे सांगत. अमकीचे केस कुरळे, तमक्याच्या पिशवीतून कोंबडीने डोकं बाहेर काढलेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मी कुठाय?"

"तू पुढच्या वळणावर चढतेस," आजोबा म्हणाले. "लाल शाल घेऊन." सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नुसतीच भांडी वाजवत राहिल्या.

पण एवढी माणसं, त्यांचे केस, कोंबडीची पिसं! जुन्या कॉम्प्युटरने हात टेकले. चालत्या बसचा सिनेमा करायचा तर एका सेकंदासाठी दोन डझन चित्रं लागतात, आणि तो एक चित्र काढीपर्यंत चहा होऊन, पिऊन, कपही धुऊन व्हायचे. आजोबा म्हणायचे, "या वेगाने बस वर पोचेल तेव्हा मी वरती पोचलेला असेन." ते हसत म्हणायचे, पण बाईंना ते आवडायचं नाही.

तर हा बोर्ड हातात आला तेव्हा बाईंच्या मनात आलं, दुकानातली तपासणीची सॉफ्टवेअरं म्हणजे वजनाच्या जागी दगड. खरं ओझं घरी पडलंय. त्यांनी मालकाला विचारून बोर्ड घरी आणला. सोबत एक जुना सर्व्हर प्रोसेसर आणि रॅमच्या चार पट्ट्या.

जेवणाच्या टेबलावर खोका उपडा ठेवून त्यावर सगळं मांडलं. बटण दाबलं. पंखा भर्रकन फिरला, पडदा काळाच.

"गेला," यजमान म्हणाले.

"थांबा हो. पहिल्यांदा उठतोय, विचार करतोय."

खरंच, बऱ्याच वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख कुठल्यातरी जुन्याच सालाची होती. बाईंनी बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून नवा घातला, तारीख लावली, बोर्ड आजच्या दिवसात आला. पण रॅमच्या चार पट्ट्यांपैकी तीनच त्याला दिसत होत्या. बाईंनी पट्ट्या अदलाबदल केल्या. पट्टी कुठलीही घाला, त्या एका खाचेतली दिसेना. बाईंनी ओठ घट्ट मिटले. हे लक्षण दुकानातले सगळे ओळखतात. आता 'नाही' येणार.

यजमान जेवत होते. घास तोंडात ठेवूनच त्यांनी विचारलं, "तो वरचा पंखा किती आवळलायस?"

"चांगला घट्ट. का?"

"काही नाही. नळाचा वायसर फार आवळला की नळ गळायला लागतो. नवशिके हमखास तेच करतात."

"नवशिके?" बाईंनी असं पाहिलं की सासूबाईंनी पटकन मुलाला आणखी वाढून विषय बदलायचा प्रयत्न केला. पण बाई थोड्या वेळाने उठल्या, सगळं बंद केलं आणि पंख्याचे चारही स्क्रू किंचित सैल केले. पंख्याचा दाब जास्त झाला की खालचा प्रोसेसर एका बाजूने जरासा उचलला जातो आणि त्याची एखादी पिन टेकत नाही. इथे तेच झालं होतं. पुन्हा चालू केलं, चौथी पट्टी दिसायला लागली.

"तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या.

"जरा मोठ्याने. आईला ऐकू येऊ दे."

मग आजोबांचा घाट त्यावर चढवला. मी मुद्दाम बघायला वर गेलो होतो. पडद्यावर चित्राचे बारीक चौकोन पडले आणि एकाच वेळी ठिकठिकाणी भरत सुटले. इकडे आकाश, तिकडे टायर, मध्येच माझं पोट. "अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "एकदम डझनभर बायका विणायला बसल्यासारख्या!" आजोबांचा चहा गार झाला, त्यांनी तो प्यायलाच नाही. पिणार कधी? चित्रामागून चित्र येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं फटकन बंद पडलं.

बाई दुकानातून आल्या तर आजोबा दारातच. "सूनबाई, माणसं गेली का गं माझी?"

बाईंनी पाहिलं. काढून झालेली चित्रं सुरक्षित होती. मग घाट थोडा वेळ पुन्हा चालवून, वीज बंद करून त्यांनी प्रोसेसरशेजारच्या छोट्याशा धातूच्या तुकड्याजवळ बोट नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. प्रोसेसरला पुरेल अशी वीज करून देणारे भाग त्याच्याखाली होते. प्रोसेसरच्या डोक्यावर ताटाएवढा पंखा, आणि त्याला जगवणाऱ्यांच्या वाट्याला वाऱ्याची झुळूकही नाही. स्वस्ताईची कात्री तिथे लागली होती.

"आहेत बाबा, सगळी आहेत. घाटात थांबलीयत. इंजिन तापलं."

आजोबांचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? मग बॉनेट उघडायचं नि वारा लागू द्यायचा. चढावर सगळ्यांचीच तापतात." बाई दुकानातून छोटा पंखा घेऊन येईपर्यंत ते टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि बंद बोर्डाला पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "मला कधी असा वारा घातला नाहीत." त्यावर त्यांनी पुठ्ठा सासूबाईंकडे वळवला आणि म्हणाले, "तू तापतेस तेव्हा जवळ यायची सोय नसते."

नवा पंखा बाईंनी तारेने बांधून तिरका बसवला. बोर्ड पुन्हा चालला आणि चालतच राहिला. मग बाईंनी छळ आरंभला. दार-खिडक्या बंद करून पाहिलं, मध्येच वीज तोडून पाहिली, एकदम सगळी कामं लादून पाहिली. टिकला. एकच खोड निघाली. कॉम्प्युटर थोडा वेळ झोपवायची सोय असते ना, त्या झोपेतून हा काही केल्या उठेना. चालू तरी राहणार, नाहीतर पुरता बंद तरी होणार. मधलं काही नाही.

"मग झोपवू नकोस," आजोबा म्हणाले. "कामावर असताना झोपायचं कशाला?"

बाईंनी मालकाला निकाल सांगितला तेव्हा दुकानातलं काम थांबलं होतं म्हणतात.

"चालेल."

"काय म्हणालात?"

"चालेल म्हटलं. पण अटी आहेत. प्रत्येकाला बाजूचा छोटा पंखा इथूनच बसवून द्यायचा. सेल नवा घालायचा. आणि घेणाऱ्याला सांगायचं, की चिप जुनी आहे, हा झोपत नाही, आणि पंखा आवळताना हात आवरता घ्या."

"ताई, एवढं सगळं सांगितलं तर घेणार कोण?"

"ज्याला काम करायचंय तो घेईल. मी घेतेय, पहिला माझा."

मालकाने डोकं खाजवलं. मग त्यालाच हसू फुटलं. सांगून विकायची त्याला सवय नव्हती, पण करून पाहिलं. आश्चर्य म्हणजे लोकांना ते आवडलं. 'झोपत नाही तो द्या' असं मागायला लागले.

आजोबांचा सिनेमा पुरा झाला तेव्हा गच्चीवर पांढरी चादर बांधली. दिवेलागणीला सगळी इमारत आपापल्या खुर्च्या घेऊन वर आली, दुकानाचा मालकही आला. यजमानांनी चादर ताणायला पाण्याचे पाईप लावले होते, त्यामुळे ते स्वतःला निर्माता म्हणवून घेत होते.

बस सुटली. पहिली काही मिनिटं नुसता गलका. 'तो बघ मी', 'अगं, हे माझे केस?', 'कोंबडी, कोंबडी!' मग बस चढाला लागली. एका वळणावर लाल शाल घेतलेली तरुण मुलगी हात दाखवत उभी होती. बस थांबली. ती चढली. आत खच्चून गर्दी, पण ड्रायव्हरमागची खिडकीची जागा रिकामी. ती तिथे बसली.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत म्हणून बाई त्यांच्याकडे झुकल्या, तर त्या हसत होत्या. "खोटारडा," त्या पुटपुटल्या. "त्या दिवशी वरपर्यंत उभं ठेवलं होतं मला."

पुढे घाटाची अवघड वळणं आली. मी सहज बाजूला पाहिलं. बस डावीकडे वळली की सगळी गच्ची उजवीकडे कलत होती, उजवीकडे वळली की डावीकडे. सगळ्यांत मागे आजोबा उभे होते, दोन्ही हात हवेत, न दिसणारं चाक सावकाश फिरवत. त्यांच्याजवळ बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. दर वळणाला त्याही कलत होत्या, आणि मालकही.

वरचा थांबा आला. बस थांबली, दार उघडलं. मग एकदम टाळ्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "परतीची गाडी कधी?"

"लगेच," आजोबा म्हणाले. "बसून घ्या."

पुन्हा पहिल्यापासून लावायचं म्हणताच खुर्च्यांची एकच धावपळ उडाली. प्रत्येकाला खिडकीशी बसायचं होतं.