कॉम्प्रेशन उतरवायचा हट्ट

आमच्या ह्यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे, की आत काय दुखतंय ते ह्यांना कळतं. घरातलं दुखणं कळायला मात्र वेळ लागतो. मी तापाने फणफणत असले तरी हे आधी विचारणार, भाजीला मीठ का कमी.

परवा माझा धाकटा भाऊ त्याची जुनी गाडी घेऊन आला. घरची माणसं बसली की ती चढावर धापा टाकते, म्हणून त्याला टर्बो बसवून हवा होता. मोडीत निघालेल्या एका गाडीचा छोटासा टर्बो त्याने मिळवलाही होता. आता ठरवायचं एवढंच होतं, की इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवायचं की आहे तेच ठेवायचं.

गॅरेजच्या वरच्या मजल्यावर संसार केल्यामुळे मलाही थोडंफार कळतं. पिस्टन हवा आणि पेट्रोल दाबतो, मग ठिणगी पडते. टर्बो त्यात आणखी हवा कोंबतो. दाब फार झाला, की पेट्रोल ठिणगीला न जुमानता आपलं आपणच पेटतं. तेव्हा बारीक टिकटिक ऐकू येते, आणि ती तशीच चालू दिली तर पिस्टन फुटतो. म्हणून लोक इंजिनाच्या डोक्याखाली जाड गॅस्केट, म्हणजे जाड चकती घालून मूळचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, कमी करतात. इंजिन वाचतं, पण रोजच्या सपाट रस्त्यावर सुस्तावतं. नाहीतर दाब तसाच ठेवायचा, टर्बो बेताचा चालवायचा आणि चढावर कान देऊन ठिणगीचं टायमिंग जुळवायचं.

हे जन्मभर कानवाले. जाड गॅस्केटला ह्यांच्या तोंडी एकच शब्द होता, दुधात पाणी. आणि तेच हे भावाला म्हणाले, कॉम्प्रेशन उतरवू.

भाऊ हिरमुसला. त्याची गाडी बाराही महिने गावातच फिरते, चढ कधीतरीच. भावोजी, तुम्हीच तर असं करू नये म्हणायचात, असं तो म्हणाला, तर हे त्याच्यावर चक्क खेकसले. माझ्या भावावर हे कधी आवाज चढवत नाहीत. जेवताना मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. बाहेरच्यांना साय आणि माझ्या माहेरच्यांना पाणी का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायची होती. ह्यांनी सकाळीच तिचं टायमिंग लावलं होतं. मलाही त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून शेजारी बसले. पाण्याच्या टाकीजवळचा चढ लागला आणि पुढून टिकटिक सुरू झाली, डब्यात वाटाणे हलवावेत तशी. आता हे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतील, मग उचलतील, म्हणून मी वाट बघत होते. हे खिडकीत कोपर टेकवून खुशीत म्हणाले, "बघ, कशी लोण्यासारखी चढतेय."

ह्यांना ती टिकटिक ऐकूच येत नव्हती. दाराची बेल, कुकरची शिट्टी, मी मागून मारलेली हाक. आजवर मला वाटायचं, हे मुद्दाम कानाडोळा करतात.

"अहो," मी ह्यांच्या दंडाला हात लावला, "गाडी वाजतेय."

ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग न सोडताच म्हणाले, जाडा आवाज सगळा ऐकू येतो, बारीक, चिरका तेवढा येईनासा झालाय, वर्ष होत आलं. ज्याचं नावच कानावर चालतं त्याने हे सांगायचं कुणाला?

"तुझ्या भावाचा पिस्टन माझ्या कानापायी फुटला, तर तुला तोंड कसं दाखवू?"

त्या क्षणी माझा ह्यांच्यावर जेवढा जीव जडला, तेवढा लग्नातही जडला नव्हता. आणि काल जेवताना मी काय काय बोलले ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला येतं ऐकू," मी म्हणाले. "टायमिंग तुम्ही बघा. वाजली की मी सांगते."

भावाच्या गाडीत पातळच गॅस्केट राहिलं. टर्बो बसला, आणि आम्ही दोघं त्याच चढावर गेलो. टिकटिक आली की मी ह्यांच्या हाताला बोट लावायचं, ह्यांनी थांबायचं, बॉनेट उघडून टायमिंग केसभर मागे घ्यायचं, आणि पुन्हा खालून सुरुवात. भाऊ विचारत होता, ताई कशाला सोबत? मी म्हटलं, नवऱ्याबरोबर फिरायला जायला आता तुझी परवानगी लागते का.

शेवटच्या खेपेला गाडी तळापासून माथ्यापर्यंत एका दमात चढली. माझं बोट हललं नाही. वर पोचल्यावर ह्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही ना वाजली? नक्की?"

इंजिनाबद्दल ह्यांनी कुणाला असं विचारलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"नक्की," मी म्हणाले. हे अजून माझ्याकडेच बघत होते, म्हणून मी जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले.