पाच कोंबड्यांचा सौदा

इथे परदेशात, अप्पर हट गावात, आमच्या कुंपणापलीकडे एक आयरिश आजोबा राहतात. त्यांचे गुडघे गेले, खुराडं साफ करायला वाकता येईना, तेव्हा त्यांच्या लेकीने फर्मान काढलं की आता कोंबड्या विकून टाका. आजोबांनी मला भाव सांगितला. मी लगेच इथल्या बोलीत म्हटलं, "स्वीट अ‍ॅज, एकदम झकास! पैसे आत्ता ट्रान्सफर करते." म्हाताऱ्या माणसाशी कसली घासाघीस करायची?

आजोबांचा चेहराच पडला. मी जणू त्यांच्या कोंबड्यांना नावं ठेवली होती.

मग माझी शिकवणी झाली. त्यांच्या वडिलांच्या गावी, गुरांच्या बाजारात, पहिल्या भावाला हो म्हणणं म्हणजे मालाचा अपमान. घेणाऱ्याने नाक मुरडायचं, विकणाऱ्याने चिडायचं, दोघांनी पाठ फिरवायची, आणि मग तिसऱ्याच कुणीतरी दोघांचे हात ओढून एकमेकांत द्यायचे. त्याआधी तळहातावर थुंकायचं. सौदा पटला की विकणारा शकुनाचं एक नाणं परत देणार.

"थुंकायचं?" आई किंचाळली. ती पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती आणि इथल्या दुकानांतल्या छापील किमतींना विटली होती. जन्मभर मंडईत भाजीवाल्यांना जेरीस आणलेली बाई ती. थुंकायचं सोडून बाकी सगळं तिला पसंत पडलं. ओढणी खोचून ती कुंपणाशी गेली.

तिचं इंग्रजी बेताचं, त्यांना मराठीचा गंध नाही. आईने बोटं दाखवली. आजोबांनी छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. आई घराकडे वळली, आजोबांनी हाक मारली. हात जुळवायला मला मधे उभं केलं होतं. भाव अगदी पटत आला, तसं मी आजोबांचं मनगट धरलं, तर त्यांनी ते झटकन सोडवून घेतलं. एक तपकिरी कोंबडी त्यांच्या बुटाच्या नाडीला चोच मारत होती. तिच्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले.

आईने ते पाहिलं आणि भाव एकदम निम्म्यावर आणला. आजोबा आरडाओरडा करत, भलतेच खुशीत, लंगडत घरात गेले.

"आई, जमत आलं होतं की!"

"अगं वेडे, त्यांना विकायच्यात कुठे? उद्या याहून कमी सांगते."

मग रोज दुपारच्या चहानंतर बाजार भरू लागला. हात काही जुळेनात. माल नीट राहायला हवा म्हणून खुराडं मी साफ करायचे, आणि नमुना म्हणून अंडी आमच्याकडे यायची. हीप्स अंडी, अगदी ढिगाने!

शेवटी एक दिवस आजोबांची लेक आली. वैतागून मला म्हणाली, "त्यांनी पहिल्यांदा सांगितले तेवढे पैसे देऊन तू घेऊन का टाकत नाहीस?"

आजोबा तिच्या मागेच उभे होते. रंग उडाला होता बिचाऱ्यांचा.

"सॉरी हं," मी म्हटलं, "पण पहिल्या भावाला हो म्हणणं आम्ही फार वाईट समजतो."